मधल्या हरवलेल्या ओळी

अक्का दर गुरुवारी धुळ्याहून जळगावला यायच्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत रबरबँड लावलेल्या कॅसेटी आणि फडक्यात गुंडाळलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. बसस्टँडवरून कधी रिक्षा केली नाही. उन्हातून चालत यायच्या, आमच्या कॉम्प्युटर सेंटरच्या दारात चपला काढायच्या आणि आत आल्या की एसीच्या गारव्यात डोळे मिटून थोडा वेळ नुसत्या उभ्या राहायच्या.

"तुमच्या मशीनचं नशीब बघ," म्हणायच्या. "जळगावच्या मे महिन्यात त्याला थंडी वाजते."

नव्वदीच्या दशकाचा मधला काळ. मी नुकतीच बी.एस्सी. करून, वर एक कोर्स करून, जळगावातल्या एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत ऑपरेटर म्हणून लागले होते. माझं घरही धुळ्याचंच. वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. मी जळगावात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. सेंटरमध्ये युनिक्सवर चालणारं एक मशीन होतं, त्याला जोडलेले काही टर्मिनल होते, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. विद्यार्थी सकाळी यायचे. दुपारी तिथं मी आणि टायपिंगला येणाऱ्या एक-दोन मुली, एवढंच.

अक्का शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. नोकरीत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन त्या खेड्यापाड्यांत जायच्या आणि शेतात काम करणाऱ्या बायकांची गाणी रेकॉर्ड करायच्या. निंदणीची, कापूस वेचणीची, मिरच्या तोडणीची. सगळी अहिराणी. आमच्या सरांनी ती गाणी कॉम्प्युटरवर चढवायचं कबूल केलं आणि काम माझ्या टेबलावर आलं. त्या मशीनवर देवनागरी नव्हती, म्हणून आम्ही कॅसेट ऐकत ऐकत गाणी इंग्रजी अक्षरांत टाइप करायचो. एक गाणं संपलं की एक ओळ मोकळी सोडायची, मग पुढचं.

पहिले काही दिवस मला हे काम नकोसं वाटलं. आमच्या घरात अहिराणी बंद होती. आई साक्रीकडची, तिच्या तोंडात तीच भाषा. पण आम्ही शाळेत जायला लागलो तसं वडिलांनी ठरवून टाकलं की घरात पुस्तकातलंच बोलायचं. आम्ही शिकावं, पुढं जावं, कुणी आमच्या बोलण्यावरून आम्हाला ओळखून बाजूला बसवू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. आई 'शे' म्हणता म्हणता थांबायची आणि 'आहे' म्हणायची. पुढं पुढं ती कमीच बोलायला लागली. त्यामुळं हेडफोन लावून मी त्या बायकांची गाणी ऐकायला बसले तेव्हा सुरुवातीला मला अर्धं कळायचंच नाही. मग एका दुपारी लक्षात आलं, मी न थांबता टाइप करतेय. कानातून बोटांत सरळ येत होतं. त्या शनिवारी घरी जाताना बसमध्ये मला आईची फार आठवण आली, आणि तसं पाहिलं तर मी तिच्याकडेच निघाले होते.

अक्का जेवणाच्या वेळी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या. भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवायच्या. अशाच एका गुरुवारी त्यांनी विचारलं, "तुझं हे मशीन गाणं शोधून देतं का गं?"

"कुठलं?"

"ते माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं?" त्या हसल्या. मग हळू आवाजात सांगायला लागल्या. त्यांची आई कापूस वेचताना एक गाणं म्हणायची. अक्का लहान असतानाच आई गेली. त्या गाण्याची सुरुवात त्यांना आठवत होती: 'मनी माय उभी'. शेवट आठवत होता: 'सांज व्हयनी'. माझी आई उभी आहे, आणि संध्याकाळ झाली. मधलं सगळं गेलं होतं.

"म्हणून तर गावोगाव फिरले," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं बाई संशोधन करतात. मी आपली माझ्या आईचं गाणं हुडकत होते. इतक्या बायकांनी इतकं गायलं, त्यात ते कुठंतरी आलं असेल आणि माझ्या कानावरून निसटलं असेल. आता ऐकून ऐकून कान पिकले माझे. तू बघ."

मला वाटलं, हे तर पाच मिनिटांचं काम. युनिक्समध्ये मजकूर शोधायची आज्ञा असते, ग्रेप म्हणतात तिला. तिला रेग्युलर एक्स्प्रेशन द्यायचं. म्हणजे नेमका शब्द द्यायचा नाही, शब्दाचा साचा द्यायचा. साच्यात टिंब दिलं की कुठलंही एक अक्षर, टिंबापुढं चांदणीची खूण दिली की कितीही अक्षरं. मी लिहिलं: 'मनी माय उभी', मग टिंब-चांदणी, मग 'सांज व्हयनी'. सुरुवात ही, शेवट हा, मधे काहीही चालेल. अक्कांच्या डोळ्यांदेखत बटण दाबलं.

काहीच आलं नाही. पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहिला.

"नाही म्हणतंय?" अक्कांनी विचारलं.

"नाही म्हणतंय."

त्यांनी भाकरीचं फडकं बांधलं आणि दुसरं काहीतरी बोलायला लागल्या. पण त्या उठून गेल्यावर मी चरफडत बसले. मग माझ्या ध्यानात आलं. ही आज्ञा एका वेळी एकच ओळ वाचते. ओळ उचलायची, साच्याला लावून बघायची, सोडून द्यायची, मग पुढची उचलायची. मागच्या ओळीत काय होतं ते तिला पुढच्या ओळीपर्यंत आठवत नाही. आणि गाणं तर ओळींवर ओळी पसरलेलं. सुरुवात एका ओळीत, शेवट कितीतरी ओळी खाली. त्यात आम्ही मुलींनी टाइप करताना ओळी मनाला येईल तिथं तोडलेल्या. कुणी 'मनी माय' वर ओळ संपवली आणि 'उभी' खालच्या ओळीत ढकललं. कुणी 'मनी' लिहिलं, कुणी 'मन्ही', जसं ज्या बाईच्या तोंडून ऐकू आलं तसं.

पुढच्या गुरुवारी मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे त्याला गाणं दिसतच नाही. ओळीच दिसतात."

"हो. आता त्याला सगळं एकत्र दाखवायचं."

सरांकडे पर्ल नावाच्या एका नव्या भाषेच्या मॅन्युअलची झेरॉक्स होती, पुण्याहून कुणीतरी आणलेली. त्यात लिहिलं होतं की अख्खी फाइल एकाच लांब मजकुरासारखी हातात घेता येते. तशी घेतली, तरी काही येईना. तिथं मी आणखी एक गोष्ट शिकले: टिंब कुठल्याही अक्षराला चालतं, पण ओळ जिथं संपते ती खूण ओलांडत नाही. ओळीच्या टोकाला येऊन ते थांबतं. त्याला वेगळं सांगावं लागतं की बाबा रे, ओळ संपली तरी चालत राहा. शब्दांच्या मधे नुसती मोकळी जागा देऊन भागत नाही, तिथं मोकळी जागा किंवा नवी ओळ, दोन्ही चालेल असं लिहावं लागतं. मी सगळं सांगितलं. 'मनी' असो की 'मन्ही', तेही सांगितलं. आणि या वेळी उत्तर सरळ प्रिंटरवर पाठवलं, अक्कांच्या हातात कागद द्यायचा म्हणून.

प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना. कर्र कर्र करत कागदाची घडी उलगडत खाली जमिनीवर साचायला लागली. अक्का उठून उभ्या राहिल्या. "इतकी सापडली?"

मी कागद उचलून पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. एकच सापडलं होतं. फाइलीत सगळ्यात पहिल्यांदा जिथं 'मनी माय उभी' आलं तिथून सुरू, आणि सगळ्यात शेवटचं 'सांज व्हयनी' जिथं होतं तिथं खतम. मधली सगळी गावं, सगळ्या बायका, निंदणी, वेचणी, मिरच्या, सारं एका गाण्यात. ती चांदणी हावरी असते. जितकं गिळता येईल तितकं गिळते.

मी हे समजावून सांगितल्यावर अक्का अशा हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खुर्चीवर बसून पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बठ्ठा गानास्नं एकच गानं करी टाकं वं यानी!" सगळ्या गाण्यांचं एकच गाणं करून टाकलं यानं. आमच्या सेंटरमध्ये मोठ्यानं बोलायची पद्धत नव्हती. त्या दिवशी सर केबिनमधून बाहेर आले आणि अक्कांना हसताना पाहून तेही हसायला लागले. ते कागद अक्कांनी घडी करून पिशवीत टाकले. म्हणाल्या, फेकू नकोस, हे खोटं नाहीये.

त्यानंतरचे काही आठवडे माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. तेव्हा ते कळलं नव्हतं. चांदणीच्या पुढं प्रश्नचिन्ह दिलं की तिची हाव कमी होते, कमीत कमीत भागवते, हे मला सापडलं. तरी एका गाण्याची सुरुवात आणि तिसऱ्याच गाण्याचा शेवट असं जुळून यायला लागलं. मग गाण्यांच्या मधे आम्ही सोडलेली मोकळी ओळ कामाला आली. ती भिंत समज, असं मी मशीनला सांगितलं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एक गाणं. त्याच्या आतच शोध, बाहेर जाऊ नको. दर गुरुवारी अक्का यायच्या, मी गेल्या आठवड्यात काय केलं ते सांगायचे, आणि त्या माझ्या शेजारी बसून पडद्याकडे बघायच्या. त्यांना अक्षरं वाचता येत होती, बाकीच्या खुणा नाही. पण कुठली खूण कशासाठी हे त्या विचारून घ्यायच्या.

आणि एका गुरुवारी ते आलं. एकच गाणं. पडद्यावर तीनच ओळी. वर 'मनी माय उभी वं गिरनाना थडीवर', खाली 'सांज व्हयनी वं'. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि वाचायला लागल्या.

मधे कंसात लिहिलं होतं: ट्रॅक्टर गेला, ऐकू येत नाही.

टाइप करणाऱ्या मुलीनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. आम्ही ती कॅसेट काढून ऐकली, दोघींनी हेडफोनचा एकेक भाग कानाला लावून. एक बाई गायला लागते, पहिली ओळ स्वच्छ, दुसऱ्या ओळीच्या आधीच बांधावरून ट्रॅक्टर येतो, जवळ येतो, दूर जातो, आणि तो गेल्यावर बाई 'सांज व्हयनी' वर आलेली असते. मी मागं नेऊन नेऊन ऐकवलं. अक्कांनी माझा हात धरला. "पुरे," म्हणाल्या. "टेप तुटेल."

कॅसेटीवर गावाचं नाव होतं. एरंडोल तालुक्यातलं, गिरणा नदीच्या काठचं. मी रजा टाकली आणि दिवाळीनंतर कापसाची वेचणी चालू असताना आम्ही दोघी तिथं गेलो. एरंडोलपर्यंत एस.टी., पुढं काळीपिवळी जीप. गाणाऱ्या बाई हयात होत्या. वयानं अक्कांहून मोठ्या, वाकलेल्या, पण वेचणीला आलेल्या. अक्कांनी त्यांना ओळख दिली, गाण्याची आठवण करून दिली.

"ते गानं?" त्या म्हणाल्या. "आसं बशीसन नही येस माले. हात चालना ते तोंड चालस." नुसतं बसून येत नाही, हात चालला तर तोंड चालतं.

मग आम्हीही कमरेला फडक्याची झोळी बांधली आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या ओळी धरल्या. मी कधी कापूस वेचला नव्हता. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी माझी बोटं ओरबाडून निघाली. अक्कांचे हात मात्र दोन झाडं गेल्यावर आपोआप चालायला लागले. डाव्या हातानं बोंड धरायचं, उजव्यानं कापूस ओढायचा, झोळीत टाकायचा. अक्का बाईंकडे बघतही नव्हत्या. टेपरेकॉर्डर माझ्या खांद्याला होता, चालू. एक ओळ वेचून झाली, दुसरी धरली. मग बाईंनी सुरू केलं, अगदी स्वतःशी म्हणावं तसं:

मनी माय उभी वं गिरनाना थडीवर
पानी जास दूर दूर, नजर तिनी वाटवर
वाटवर कोन येस, धूळ उडी ऱ्हायनी

इथं त्यांना धाप लागली. त्या थांबल्या, पाठ सरळ करायला एक हात कमरेवर ठेवला. आणि पलीकडच्या ओळीतून, वाकलेल्या असतानाच, अक्कांनी पुढची ओळ म्हटली:

लेक नही वं माय, वारा फिरी ऱ्हायना

ती लेक नाही गं आई, वारा फिरतोय. चाल तसूभरही हलली नाही. बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. अक्कांच्या लक्षात आलंच नव्हतं. दोन बोंडं वेचली, मग त्यांचे हात थांबले आणि त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या.

"म्हन ना," बाई म्हणाल्या. "तुले ते येस."

मग दोघींनी मिळून पुढचं म्हटलं. वाऱ्याला सांग आई, लेकीला निरोप दे. सांज झाली, आता घरी चल तू. अक्कांचा आवाज शिक्षिकेचा होता, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्या दिवशी तो मी प्रथमच इतका लहान झालेला ऐकला.

आम्ही बांधावर येऊन बसलो. बाईंनी तांब्यातून पाणी दिलं. मग अक्का म्हणाल्या, "माझ्यातच होतं गं. इतकी वर्षं माझ्यातच होतं. मी हात चालवले नाहीत."

बाई हसून म्हणाल्या, "आते वर्सले येजो वेचाले." पुढच्या वर्षी ये वेचायला.

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीपाशी बसल्या. एरंडोलहून त्यांना धुळ्याकडे जायचं होतं आणि मला जळगावला, पण मीही त्यांच्याबरोबर धुळ्याचीच बस धरली. त्यांना एकटं सोडावंसं वाटलं नाही. पारोळ्यापर्यंत त्या गुणगुणत होत्या. मग झोपल्या, डोकं माझ्या खांद्यावर. त्यांच्या केसांत कापसाचा एक पुंजका अडकला होता. तो मी काढला नाही.

सोमवारी मी जळगावला येऊन मधल्या ओळी टाइप केल्या आणि कंसातला ट्रॅक्टर पुसून टाकला.

त्यानंतरही अक्का काही महिने येत राहिल्या. राहिलेल्या कॅसेटी संपल्या. मग सेंटरमध्ये नवी मशिनं आली, जुनं काम बाजूला पडलं. सरांची बदली झाली. गाण्यांचं पुस्तक होणार होतं, ते झालं नाही. माझं लग्न ठरलं, मी नाशिकला गेले. अक्कांचा मुलगा सुरतेला होता, तो त्यांना घेऊन गेला. धुळ्याच्या स्टँडवर मी त्यांना निरोप द्यायला गेले होते. "सुरत काही लांब नाही," असं आम्ही दोघी एकमेकींना सांगत होतो. जायचं दरवर्षी ठरायचं. माझी मुलगी झाली, मग नोकरी, मग हे, मग ते.

नाशिकला मी एका ऑफिसात मोठमोठ्या फाइली साफ करायचं काम करायचे. पत्ते, नावं, तीन-तीन ओळींत पसरलेले मजकूर. असे साचे मी आता बघता बघता लिहायचे, पहिल्या फटक्यात बरोबर यायचे, आणि शेजारी कुणी बसलेलं नसायचं. गुरुवारी दुपारी डबा उघडला की कळण्याच्या भाकरीचा तो करपट वास आठवायचा. त्या खोलीत, त्या गारव्यात, त्यांच्या शेजारी बसून काहीही न सापडलेलं बघत राहावं, एवढंच हवं असायचं.

एके दिवशी सुरतेहून एस.टी.डी. फोन आला. अक्कांच्या सूनबाई होत्या. अक्का गेल्या होत्या, पंधरा दिवस झाले होते. माझा नंबर त्यांना आता सापडला. आम्ही थोडं बोललो, जसं बोलतात तसं. मग त्या म्हणाल्या, "ताई, एक विचारू? शेवटी शेवटी त्या गात राहायच्या. सुरतेला आमच्या घरात कुणालाच ती भाषा येत नाही, यांच्याशीही त्या लहानपणापासून मराठीच बोलल्या, माझं माहेरही इकडचंच. एक ओळ म्हणायच्या, थांबायच्या आणि आमच्याकडे बघत राहायच्या. आम्हाला वाटायचं पाणी पाहिजे. पाणी दिलं तर ढकलून द्यायच्या. त्यांना काय पाहिजे होतं?"

मी विचारलं, "कुठली ओळ?"

त्यांनी अडखळत, चुकीच्या उच्चारांत, पण ओळखता येईल अशी सांगितली. वाटेवर कोण येतंय, धूळ उडतेय.

"पुढची ओळ दुसऱ्यानं म्हणायची असते," मी म्हणाले.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "मग आता सांगा ना मला. मुलं विचारतात."

मांडीवरची मुलगी फोनची वायर ओढत होती. मी तिला सावरून धरलं आणि जमेल तशी पुढची ओळ म्हणायला लागले.